जाड सागवानासाठी भिंग निवड समिती

जे काम पाच मिनिटांत होते ते जबाबदार माणसाने पाच मिनिटांत कधीही करू नये. केले, तर लोकांना वाटते काम सोपे होते; मग जबाबदार माणसांनी जावे कुठे? हिंगण्याच्या आमच्या लाकूड कटाई सहकारी संस्थेने हे तत्त्व कसे पाळले, ते समितीचा सचिव या नात्याने मी छाती फुगवून नोंदवतो.

हुडकेश्वरच्या एका नव्या मंगल कार्यालयाच्या पाटीसाठी पंधरा मिलिमीटर जाड सागवानातून एकवीस अक्षरे कापायची होती. मुदत शनिवार. लेझर मशीन चालवायची दीपमाला, तीन वर्षांपासून तात्पुरती. (आमच्याकडे तात्पुरतेपणाही टिकाऊ असतो.) अक्षरे वेळेत आणि स्वच्छ निघाली तर तिला कायम करायचे, असा ठराव होता. दोन लेकरे आणि घरात कमावणारी ती एकटी, त्यामुळे तिने ठराव मनावर घेतला. संस्थेचा ठराव मनावर घेणारी ती पहिलीच.

मशीनसोबत दोन भिंगे आली होती, दीड इंची आणि चार इंची. दीपमाला पहिल्याच दिवशी अध्यक्ष गणपतरावांना म्हणाली, "साहेब, लाकूड जाड हाये, चार इंची लावू द्या मले. वेस्टेजच्या तुकड्यावर दोन्ही लावून पाहू, पाच मिनिटांत कळून जाते."

एवढ्या गहन प्रश्नाला एवढेसे उत्तर! गणपतराव हादरलेच. त्यांनी तडक सात जणांची समिती नेमली. तुकड्यावरची चाचणी पहिल्याच बैठकीत एकमताने फेटाळली, कारण निकाल आधीच कळला तर चर्चेला काय अर्थ, आणि पोहे तर सांगून झाले होते.

पुढील तपशील बोलका आहे. बैठका चार. चर्चा अकरा तास. तर्री पोहे बत्तीस प्लेट (सदस्या यमुताई दोनदा घेतात). मशीनजवळ घालवलेला वेळ दोन मिनिटे, तोही दार चुकल्यामुळे.

निर्णायक पुरावा यमुताईंनी आणला. दीड इंची भिंगाने त्यांनी तांदळाच्या एका दाण्यावर आपले नाव कोरून घेतले, सासरचेही आणि माहेरचेही. दाणा टेबलावरून फिरला तेव्हा समितीतल्या प्रेमानंदरावांचे डोळे भरून आले. (तो त्यांनी पोह्यांतला समजून खाल्ला, सबब पुरावा आता उपलब्ध नाही.) जे भिंग तांदळाला हरले नाही ते सागवानाला काय हरणार? दीपमाला सांगत होती की त्याचा किरण वरच्या वर बारीक असतो, खोल गेला की पसरतो. चार इंचीचा ठिपका थोडा जाड, पण तो आत सरळ जातो. हे इतिवृत्तात घेता आले नाही, कारण नमुन्यात मशीन चालवणाऱ्यासाठी रकाना नाही. दीड इंची बहुमताने मंजूर झाले.

शुक्रवारी सकाळी पहिले अक्षर कापले. वरून देखणे, खालून कोळसा. समितीने वरून पाहिले. अक्षर फळीपासून सुटलेच नाही, ही बाब 'मजबुती' या सदरात टाकून आम्ही सातही जण खोकत खोकत सावजी जेवायला गेलो.

परतलो तो काय! एकवीसच्या एकवीस अक्षरे ओळीने मांडलेली, कडा अशा सरळ की हात फिरवतच राहावे. कार्यालयाचा मालक खूश. दीड इंची भिंगाच्या अभिनंदनाचा ठराव लिहिताना मी सहज दीपमालाला विचारले, आणि ती बोलून गेली, "खोटं काहून बोलू? तुमी गेल्यावर मीच चार इंची लावलं. अक्षरं निघाली न, साहेब?"

निघाली होती. वेळेत, स्वच्छ, आणि समितीच्या निर्णयाविरुद्ध. सबब तिला कायम करणे शक्य नव्हते. सोमवारपासून तात्पुरतेही ठेवता आले नाही. मला फार वाईट वाटले. समितीलाही वाईट वाटले, पाच विरुद्ध दोन मतांनी.

आता मशीन बंद आहे, पण काम वाढल्यामुळे आम्ही समितीत एक जागा वाढवली. उमेदवार शोधत होतो, तेवढ्यात हे वाचणारे आपण भेटलात. चार इंचीच बरोबर होते आणि पोरीवर अन्याय झाला, हे आपण केव्हाच ठरवून टाकले आहे, नाही का? लेझर मशीन कधी हाताळले आहे? नाही. दीपमालासाठी काही करणार आहात? तेही नाही. मत मात्र पक्के.

बुधवारी अकराला या. आपली निवड बिनविरोध झाली आहे.