लिफ्टच्या दारात पाय

रोज नाशिकहून सुरगाण्याला एसटीने जाऊन-येऊन करणाऱ्या माणसाने घरी पाहुणे बोलावू नयेत. तरी यादव साहेबांना मी चहाला बोलावलं, कारण माझी नाशिकला बदली त्यांच्या सहीवर अडली होती. अर्जात कारण दिलं होतं, गुडघेदुखी. (गुडघे खरंच दुखतात. निदान एसटीत चढताना तरी.)

साहेब सहाला येणार होते. पण दुपारीच माझ्या बायकोची, सुवर्णाची, मावशी ठमाबाई वणीहून येऊन बसली होती. पावणेसहाला ती उठली तेव्हा मला हायसं वाटलं.

इथेच चुकलो. आपल्याकडे माणूस सोफ्यावर बसून कामाचं काही बोलत नाही. खरं बोलणं चपला पायात गेल्यावर सुरू होतं. आमची बिल्डिंग सात मजली आणि आम्ही सातव्यावर, त्यामुळे हे बोलणं लिफ्टपाशी होतं. रीत अशी की पाहुण्याने लिफ्टमध्ये उभं राहायचं आणि यजमानाने दारात पाय घालायचा. पाय काढणं म्हणजे पाहुण्याला हाकलणं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात.

मी पाय घातला.

"जावईबापू, धाकलीच्या सासूचं सांगायचंच ऱ्हायलं," मावशी म्हणाली. "लय आगाव बाई!"

सासूचं झालं, मग सासूच्या नणंदेचं निघालं. खालून कोणीतरी लिफ्टचं दार धडधडा वाजवू लागलं.

"लिफ्ट सोडा हो!"

दिवसभर एसटीत आदळून आलेला मी. डोकं फिरलं. जिन्यात वाकून ओरडलो, "जिन्याने या! चालणं तब्येतीला चांगलं असतं!"

बऱ्याच वेळाने जिन्यातून एक रुमाल वर आला. त्यामागे घामाने निथळणारे यादव साहेब.

"अगं बाई, लय दमले हे!" मावशी लिफ्टमधूनच म्हणाली. मी पाय काढला.

साहेबांनी तीन ग्लास पाणी प्यायलं, चहा प्यायला, पोहे खाल्ले. बदलीबद्दल अवाक्षर नाही. मी घाबरून सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलत राहिलो. अखेर ते उठले, बूट घातले आणि लिफ्टमध्ये शिरले. आता आपण लिफ्ट अडवणारे नाही हे दाखवायलाच हवं होतं. मी दोन्ही पाय मागे घेऊन हात जोडले.

"बरं का," साहेब म्हणाले, "तुमच्या बदलीचं म्हणाल तर..."

दार मिटलं.

"अहो, पाय!" सुवर्णा किंचाळली. "पाय का नाही घातला?"

मी जिन्याकडे धावलो. दोन-दोन पायऱ्या टाकत खाली पोहोचलो, तर लिफ्ट नाही. बाण वरचा. साहेबही अर्धं वाक्य पुरं करायला परत वर निघाले होते! मी बटण दाबलं. लिफ्ट सातव्यावर जाऊन थांबली ती थांबलीच.

"लिफ्ट सोडा हो!" मी दार धडधडा वाजवलं.

वरून साहेबांचा आवाज आला. "जिन्याने या! चालणं तब्येतीला चांगलं असतं!"

पुन्हा धावलो. बदलीचा प्रश्न होता, दम कसला खातोय! सातव्यावर पोहोचलो तर साहेब लिफ्टमध्ये उभे, आणि दारात सुवर्णाचा पाय.

"वहिनींना तेच सांगत होतो," साहेब म्हणाले. "सही करायचीच होती. फक्त म्हटलं, एकदा घरी जाऊन यांचे गुडघे बघून यावेत."

मी कठडा धरून धापा टाकत होतो.

"बघितले," साहेब म्हणाले. "छान आहेत. येतो वहिनी."

सुवर्णाने माझ्याकडे बघत पाय काढून घेतला. दार मिटायला लागलं. आता तरी पाय घालावा म्हणून मी उचलायला गेलो, पण गुडघा वाकेचना. इतका दुखत होता.