स्वल्प मेले!

रविवारच्या बेसबॉल सामन्यात पिचर मीच, आणि एकही चेंडू भरकटणार नाही, असं मी अख्ख्या ऑफिसला ठणकावून सांगितलं! पुण्यात दगड मारून कैऱ्या पाडलेला माणूस मी. सामना अमेरिकेहून आमच्या बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात आलेल्या पाहुण्यांशी होता. साल शहाण्णव. साहेब म्हणाले, "अजित, नेम चुकला तर मध्यंतरात केळी वाटायची!"

केळी? मी? पेटलोच!

घरमालक उमाजीअण्णा पिढीजात बंगळूरचे. बोलणं मराठीच, पण मधेमधे कानडी पेरलेलं. मी नवखा, मला दोनच कानडी शब्द ठाऊक. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरोबर. अण्णांच्या तोंडून 'सरी' ऐकल्याशिवाय हटायचं नाही, असं ठरवलं.

गच्चीवर गादी उभी केली. गुडघ्याच्या वर, छातीच्या खाली खडूने नेमाचा चौकोन काढला. अण्णा खुर्ची टाकून बसले. पहिलाच चेंडू गादीच्या पायथ्याशी आपटला, उसळला आणि कठड्यावरून थेट अंगणात! तिथे घरमालकीण मथुराअक्कांचं हळदीकुंकू चालू होतं. खालून किंकाळ्या आल्या.

अण्णा शांतपणे म्हणाले, "स्वल्प मेले!"

थोडे मेले? मी ओरडलो, "अण्णा, किती?"

"अजून स्वल्प मेले पाहिजे हो! टाका की दुसरा!"

हा माणूस की यम! मी जिन्यावरून बोंबलत सुटलो, "स्मिता, अँब्युलन्स बोलाव!" बायकोने तत्परतेने बोलावली. खाली पाहतो तर सगळ्या बायका धडधाकट, चेंडू शिऱ्याच्या पातेल्यात!

"कोण मेलंय?" मथुराअक्कांनी विचारलं.

"अण्णाच म्हणाले!"

"अय्यो! कानडीत मेले म्हणजे वर! चेंडू वर टाका म्हणाले ते!"

अँब्युलन्सवाले शिरा खाऊन गेले. मी मात्र नेटाने सराव चालू ठेवला.

रविवारी माझा पहिला चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून गेला. हरकत नाही! दुसऱ्यासाठी हात फिरवला, तोच अण्णा प्रेक्षकांतून ओरडले, "केळगे! स्वल्प केळगे!"

केळं घे? अहो-जाहो सोडून एकदम अरे-तुरे! काय ही माया! मी भारावून वळलो, "नंतर घेतो, अण्णा!" चेंडू सुटला तो थेट अण्णांशेजारी बसलेल्या साहेबांच्या पोटात.

केळगे म्हणजे खाली, हे केळ्यांची टोपली हातात आल्यावर कळलं. मी संतापून मैदानभर केळी भिरकावली. प्रत्येक केळं ज्याच्या त्याच्या हातात अलगद! शेवटचं तर विव्हळणाऱ्या साहेबांच्या पसरलेल्या तळव्यावर.

अण्णा खुर्चीवर उभे राहून ओरडले, "सरी!"