सॉरी आणि घोंगडी

मोहनरावांच्या म्हशीने दगडाबाईची घोंगडी खाल्ली. सगळी नव्हे, मधला भाग. होणाऱ्या जावयासाठी विणलेली घोंगडी चिंचोक्याची खळ लावून उन्हात वाळत घातली होती. म्हशीला खळ गोड लागली. लेकीचं, अंजनाचं, लग्न आठ दिवसांवर. दगडाबाईला रडू कोसळलं. मग उरलेले काठ काखेत मारून ती चावडीवर पाटलांपुढे गेली. पाटलांनी मोहनरावांना बोलावून घेतलं.

मोहनराव मुळीच डगमगले नाहीत. संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे, इंग्रजांच्या नगर शहरात, त्यांनी दोन वर्षं सायबाकडे शिपाईगिरी केली होती. नेकनूर गावात इंग्रजी येणारा माणूस एकच, आणि ते तो रोज सांगायचा.

"सॉरी," मोहनराव म्हणाले.

"म्हंजी काय?"

"इंग्रजी हाय. सायबाचा बूट माज्या अंगठ्यावर पडला, नख गेलं. सायब म्हनला, सॉरी. मामला खतम! त्यावर दुसऱ्यानं काई बोलायचंच नसतं."

"आन् नखाचं?"

"नख आपुआप आलं की."

"घोंगडी आपुआप येत न्हाई."

पण आप्पाराव पाटलांना आपल्याला इंग्रजी कळत नाही हे चारचौघांत दिसू द्यायचं नव्हतं. "बराबर हाय," ते म्हणाले. "सॉरी म्हनलं, फैसला झाला."

दगडाबाईने तो शब्द दोनदा पुटपुटून पाठ केला आणि निमूट घरी गेली. ती निमूट गेली, याचीच खरी भीती वाटायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तिची चाळीस मेंढरं मोहनरावांच्या हरभऱ्यात शिरली. पोटभर खाऊन तिथंच बसली. मोहनराव अनवाणी धावत आले.

"दगडाबाई! कावून सोडली मेंढरं?"

"सॉरी," दगडाबाई म्हणाली.

चावडी पुन्हा भरली. पाटील तोंड उघडणार, तोच मोहनराव घाईने म्हणाले, "नुसतं सॉरी म्हनून भागत न्हाई! भरपाई बी द्यावी लागती!"

"सायबानं दिलती?"

"दिलती!" उभा हरभरा गेलेला माणूस काय वाटेल ते बोलतो.

"मंग पैली सॉरी कुनाची?" पाटलांनी विचारलं.

मोहनरावांची कोरी घोंगडी संध्याकाळच्या आत दगडाबाईच्या खांद्यावर आली.

"आता माजा हरभरा!"

"मेंढरं दुपारभर बसली तुमच्या रानात, लई झकास खत पडलं," दगडाबाई म्हणाली. "खतासाठी मेंढरं बसवली की लोक मला पायलीभर जवारी देत्यात. तुमी शेजारी, म्हनून मागत न्हाई."

मोहनरावांना आणखी एक इंग्रजी शब्द येत होता. पण त्याची किंमत काय पडेल कोण जाणे, म्हणून तो त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितला नाही.