नारूकाकांच्या दोन सुया

परतुरात कुणाचा पाय मोडला की आमचे नारूकाका तिथे हजर होत, आणि "कसा पडला?" असं विचारायच्या आधी विचारत, "सुई कुठं घेणार? पाठीत का मांडीत?"

हा प्रश्न विचारायचा अधिकार त्यांनी दोन्ही पाय मोडून मिळवला होता. उजवा कापसाच्या गाडीवरून पडून, डावा मोंढ्याच्या, म्हणजे घाऊक बाजाराच्या, पायरीवरून घसरून. दोन्ही वेळा जालन्याच्या दवाखान्यात चिरफाड झाली. पहिल्या वेळी डॉक्टरांनी पाठीच्या कण्यात एक सुई देऊन कमरेखालचं सगळंच बधिर केलं; दुसऱ्या वेळी जांघेत आणि कुल्ल्यात शिरा हुडकून तेवढाच पाय. अख्ख्या निजामी मुलखात दोन्ही सुया खाल्लेला माणूस आपण एकटेच, असं काकांचं मत. ते खोडून काढायला दोन पाय खर्ची घालायची कुणाची तयारी नव्हती.

काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. बिनलग्नाचे, धंद्याने अडते. त्यामुळे तुलनाही मोंढ्याच्याच भाषेत.

"पाठीतली सुई म्हंजे ठोक माल. एका टोच्यात दोन्ही पाय गायब. बिलकुल. पण मंग दिवसभर उशी न्हाई. डोकं उचललं की आत घण बसून राह्यले. मांडीतली म्हंजे किरकोळ. डॉक्टर शीर हुडकून राह्यला, आपण पडून राह्यलो. सापडली की अंगठ्यापर्यंत वीज. पण डोकं बराबर, अन् दुसरा पाय आपल्याच ताब्यात."

हे सगळं लग्नाच्या पंगतीत चाले. शिरेची नेमकी जागा ते जिलबीने स्वतःच्या धोतरावर दाखवत.

"पण काका, चांगली कोणती?"

"अडत्यानं माल दाखवावा. घेणं गिऱ्हाइकाचं काम."

यथावकाश गिऱ्हाईक म्हणून माझी पाळी आली. वाटूरच्या रस्त्यावर मी सायकल शिकत होतो, तीही पोरंबाळं झाल्यावर. रस्ता मोकळा होता. कडेला एकच बाभळ होती. मी बाभळ गाठली.

नडगीचं हाड बाहेर आलं. आई म्हणाली, "हाडवैद्याला बोलवा. दवाखान्यात गेलेला पाय माघारी येत न्हाई." मलाही तीच धास्ती होती.

काकांनी तिच्यापुढे धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलं. "वहिनी, हे दोन बघा. दोन्ही माघारी आल्ते." आणि मला रेल्वेत घातलं.

जालन्याला डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल का ते उघडल्यावरच कळेल. त्यांनी पाठीतली सुई निवडली. पलीकडे शेजाऱ्याच्या घरात सुतारकाम चालावं तसे आवाज मी ऐकत होतो. मग खाटेवर आणून टाकलं. डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे गेले. उशी नाही, डोकं उचलायचं नाही, आणि कमरेखाली मी नव्हतोच. छताकडे बघत बराच वेळ पडून राहिलो. शेवटी हळूच विचारलं, "काका, कापला का हो?"

मला वाटलं, हसतील. ते उठले, पायावरचं पांघरूण बाजूला केलं, कोटाच्या खिशातून दाढीचा आरसा काढला आणि माझ्या तोंडापुढे तिरका धरला. आरशात दोन अंगठे होते. त्यातला पट्ट्यांतून डोकावणारा, ठेच लागून काळ्या पडलेल्या नखाचा, माझाच.

"दिसला?"

"दिसला. आरसा कशाला आणला पण तुम्ही?"

"माझ्या टायमाला कुणी नव्हतं," काका म्हणाले. "कापसाचे दिवस. तुझा बाप, सगळेच गुंतल्ते. अन् नर्सबाईला असलं पुसायची लाज. गेलाच समजून पडल्तो."

"मग?"

"मंग मुंग्या आल्या."

थोड्या वेळाने मी म्हणालो, "हात दुखेल काका, ठेवा आता."

"तू बघ," ते म्हणाले.

ऊन खिडकीतून खाली उतरलं तेव्हा अंगठ्यात काहीतरी चुरचुरलं.

"आल्या," मी म्हणालो.

"बराबर?"

"बराबर."

मग काकांनी आरसा खिशात टाकला, अवघडलेला हात दुसऱ्या हाताने चोळला, आणि चहा प्यायला बाहेर गेले.