शोधाची चौकट जरा डावीकडे

काजीमान ताम्राकाराने त्या दुपारी एवढंच ठरवलं होतं, की गुठीच्या वेबसाइटवरची शोधाची चौकट जरा डावीकडे सरकवायची. बस्स. कुणाची गादी उलथवायची वगैरे काही त्याच्या मनात नव्हतं. (लोक आता काहीही म्हणोत. आम्ही त्याच्या शेजारी राहतो, आम्हाला माणूस ठाऊक आहे. गिऱ्हाईक भांड्यांच्या दुकानाच्या दारात उभं असताना ज्याला फळीवरची घागर खाली काढायचा कंटाळा येतो, तो गादी काय उलथवणार?)

बागमती ओलांडली की काठमांडूची गडबड मागे राहते आणि आमचं पाटण लागतं. पौषातल्या दुपारी इथे कुणी काही करत नाही. गच्चीवर चटई टाकायची, पाठीला ऊन घ्यायचं, संत्री सोलत बसायचं आणि कबुतरं काय बोलतात ते ऐकायचं. त्या दिवशी तर उत्तरेकडचा हिमाल इतका जवळ सरकला होता, की हात लांब केला असता तर बोटं गार पडली असती. काजी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. पलीकडच्या कोपऱ्यात त्याचे वडील मंगलमान बा पेंगत होते. खालून सानुमैयाच्या, म्हणजे काजीच्या बायकोच्या, वाटण्याघाटण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी गुठीचं भोज होतं आणि यंदा पाळी यांच्या घराची होती.

गुठी म्हणजे एका कुळातल्या भाऊबंदांचं मंडळ. (भाऊबंदकीही तिथेच भेटते, वेगळी शोधावी लागत नाही.) मंडळाची वेबसाइट काजीच्या पुतण्याने, सुयोगने केली आणि तो सिडनीला निघून गेला. जाताना विमानतळावर काकाच्या कानात म्हणाला, "काका, मांडणीत काही बदलायचं झालं तर त्या खालच्या खोक्यात सीएसएस लिहायचं. पण तुम्ही लिहू नका." यातलं पहिलं वाक्य काजीच्या चांगलं लक्षात राहिलं.

आता सीएसएस म्हणजे काय, तर वेबसाइटवर कोण कुठे बसेल, किती जाड दिसेल, कुठला रंग नेसेल हे सांगायची भाषा. काजी ती व्हिडिओ बघून शिकला होता, म्हणजे व्हिडिओ लावून झोपला होता. साइटच्या माथ्यावर कुळातल्या पाच वडीलधाऱ्यांचे गोल फोटो होते. डावीकडून पहिले थकाली, म्हणजे सगळ्या कुळात वयाने मोठे, जोगवीर आजा. मग वयाच्या उतरंडीने बाकीचे, पाचवे काजीचे बा. आणि बांच्याही पलीकडे, अगदी कोपऱ्यात, ती शोधाची चौकट अंग चोरून बसलेली. उन्हाच्या गुंगीत काजीला तिची दया आली. एवढीशी पांढरी पट्टी, तिला कधी पुढचं पान नाही. त्याने खोक्यात एकच शब्द टाकला, रो-रिव्हर्स, म्हणजे सुरुवात दुसऱ्या टोकापासून करा. चौकट टुणकन डावीकडे आली. काजीने तिच्याकडे मायेने बघितलं, 'प्रकाशित करा' दाबलं आणि डोळे मिटले.

मग स्वप्न पडलं. त्यात चौकट नदीच्या पाण्यावर तरंगत होती, काजी काठाने चालत होता, आणि कुणी कुणाला काही शोधत नव्हतं. फार छान चाललं होतं.

"अहो. उठा. बांना थकाली कधी केलंत?"

डोळे उघडले तर समोर सानुमैया, एका हातात फोन, दुसरा हात कोपरापर्यंत मसाल्याचा.

"कुणी केलं?"

"तुम्ही. सगळी आळी बघतेय."

काजीने फोनमध्ये बघितलं. चौकट डावीकडे गेली होती हे खरं, पण तिच्यामागे सगळी रांगच उलटी फिरली होती. चौकटीला लागून मंगलमान बा, आणि जोगवीर आजा पार शेवटच्या टोकाला. काजीच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडे भोजाच्या पंगतीत कोण कुठे बसणार हे जन्माच्या वेळीच ठरतं, मंत्री आला तरी त्यात बदल होत नाही. बोकडाच्या डोक्याची वाटणी होते तेव्हा उजवा डोळा थकालीचा. थकालीने पहिला घास उचलल्याशिवाय कुणी पोह्याचा दाणा तोंडात टाकत नाही, आणि उष्टी काढायची तीही त्याच्याच पत्रावळीपासून. शेवटच्या टोकाला बसतात ते ज्यांना अजून नीट दाढी फुटलेली नाही असे.

तेवढ्यात फोन वाजला. काजीचा चुलतभाऊ हर्षमान.

"काजी, भले शाब्बास. बापाला गादीवर बसवलंस. आधी सांगितलं असतंस तर हार तरी आणला असता."

"दादा, मी नाही केलं. ते सीएसएसने झालं."

"घरातलं पाप दुसऱ्यावर ढकलू नकोस. आणि ऐक, थकाली आजांचा निरोप आहे. म्हणाले, उद्या येत नाही. टोकाला बसायचं माझं वय गेलं."

सानुमैया तिथेच चटईवर बसली. "लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा पाळी आलीय आपल्याकडे," ती म्हणाली. "महिनाभर अयल्याची दारू गाळतेय, हाताला वास बसलाय. चाळीस माणसं पत्रावळीसमोर हात जोडून बसतील आणि घास कुणी उचलायचा नाही. जन्मभर म्हणतील, सानुमैयाच्या घरचं भोज उपाशी उठलं. मला रडू येतंय हो. डोळ्यात मिरची गेलीय म्हणून कळत नाही एवढंच."

काजीला खरंच वाईट वाटलं. पलीकडे बघितलं तर बा जागे झाले होते आणि डोक्यावर नवी टोपी चढवून ताठ बसले होते.

"बा, टोपी कशाला?"

"पहिला फोटो माझा आहे म्हणे. कुणी भेटायला आलं तर?"

"बा, ती चूक आहे."

"असू दे," बा म्हणाले. "संध्याकाळपर्यंत असू दे."

"आधी होतं तसं करून टाका ना," सानुमैया म्हणाली. "एकच शब्द घातलात, तोच पुसा."

शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण काजी अडखळला. "मग चौकट परत कोपऱ्यात जाईल गं."

सानुमैयाने त्याच्याकडे जे बघितलं ते आम्ही इथे लिहीत नाही.

काजीने तो शब्द पुसला, पण चौकट तेवढी मोकळी सोडली आणि तिला सांगितलं, तू रांगेत बसू नकोस, तुझी तू डावीकडे तरंग. स्वप्नात तरंगत होती तशी. लॅपटॉपवर ती नीट तरंगली. रांगही पूर्वीसारखी झाली, आजा पहिले, बा पाचवे. बांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. खाली गेलेल्या सानुमैयाला काजीने हाक मारून सांगितलं, झालं, आता पोहे चाळायला घे. आणि सुटल्यासारखं होऊन एक संत्रं सोललं.

संत्रं संपेपर्यंत हर्षमानचा फोन.

"काजी," आवाज भरून आलेला, "कधी गेले रे आजा?"

"कुठे गेले?"

"साइटवर टाकलंस ना. तोंडावर पांढरं कापड घातलंस. आम्ही सगळे आजांच्या दारात उभे आहोत."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. लॅपटॉपच्या रुंद पडद्यावर चौकट कडेला तरंगत होती, पण फोनच्या चिंचोळ्या पडद्यावर तिला जागा कुठली? ती थेट पहिल्या फोटोवर जाऊन निजली होती. आजांचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढराशुभ्र झाकलेला, वर नुसती टोपी.

"दार उघडलं का कुणी?" काजीने विचारलं.

"उघडलं ना," हर्षमान म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बदलला. "आजांनीच उघडलं."

यानंतर बराच वेळ फोनमधून फक्त आजांचं बोलणं ऐकू येत होतं. ते काजीला उद्देशून होतं आणि काजीच्या आजोबांपर्यंत पोचत होतं.

काजीने घाईघाईने लॅपटॉप पुन्हा मांडीवर ओढला. एक तर ऊन उतरलं होतं, आणि दुसरं कारण तुम्हाला माहीतच आहे. सीएसएसमध्ये एक आकडा असतो, ज्याचा आकडा मोठा तो सगळ्यांच्या वर बसतो. काजीने आजांना आकडा दिला तो नऊवर नऊ, नऊवर नऊ, बोट दुखेपर्यंत. शिवाय त्यांना जागेवर पक्कं केलं, म्हणजे पुन्हा कुणी हलवायला नको. रुंदी लिहिताना चौदाच्या जागी शंभर टक्के पडले हे त्याने प्रकाशित केल्यावर पाहिलं, आणि पाहतोय तोच लॅपटॉपची बॅटरी संपली. चार्जर दुकानात राहिला होता.

"चला," सानुमैया खालून ओरडली. तिने सगुनाचं, म्हणजे शकुनाचं, ताट भरलं होतं, उकडलेलं अंडं, तळलेला मासा, अयल्याची सुरई. "पाय धरायचे. तोंड उघडायचं नाही. चौकट हा शब्द काढायचा नाही."

जोगवीर आजा ओसरीवर बसले होते, हातात नातसुनेचा फोन. या दोघांकडे त्यांनी बघितलंच नाही. अंगठ्याने पडदा वर सारायचे, थांबायचे, खाली सारायचे, थांबायचे. सानुमैयाने ताट पुढे ठेवलं. काजी पायांवर डोकं टेकून तसाच राहिला, कारण तिथे निदान अंधार होता.

"काजी."

"हो आजा."

"हा पडदाभर मीच आहे."

"चुकून झालं, आजा."

"मधे बोलू नकोस. मी खाली जातो, तर मीच आहे. वर येतो, तर मीच. भोजाच्या तारखा उघडल्या, तिथेही मी. हे कुठवर आहे?"

"सगळ्या पानांवर, आजा."

"आणि बाकीचे चौघे?"

"तुमच्या मागे."

"दिसत नाहीत."

"मागे आहेत ना, म्हणून."

आजांनी पडदा आणखी एकदा खालीवर सारला. आळीत घंटा वाजली, कबुतरं उडाली, परत बसली. आजांनी अंडं उचललं, मासा उचलला, अयल्याचा घोट घेतला.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "असंच राहू दे. उद्या किती वाजता बसायचं?"

दुसऱ्या दिवशी अंगणात लांब चटया पसरल्या, आणि जोगवीर आजा पहिल्या जागेवर येऊन बसले. त्यांनी घास उचलला, मग चाळीस हात खाली गेले. कुणी बोलेना, नुसता खाण्याचा आवाज, वरून कोवळं ऊन आणि अयल्याची सोनेरी धार. सानुमैया खांबाला टेकून बघत होती. इतकी सुखात ती लग्नातही दिसली नव्हती, आम्ही होतो लग्नाला. मंगलमान बा जुनी टोपी घालून पाचव्या जागेवर बसले होते आणि निमूट जेवत होते.

काजी वाढता वाढता आजांच्या आसपास घोटाळत राहिला. चार माणसांत दोन बरे शब्द मिळतील अशी त्याला आशा होती. हात धुऊन झाल्यावर, काजी पंगतीच्या पार शेवटच्या टोकाला असताना, आजांनी खरंच हाक मारली.

"काजी, माणसं इकडची तिकडे करायची तुला फार हौस. तर आज उष्टी तू काढायचीस. कुठल्या टोकापासून सुरुवात करायची, ते तुझं तू ठरव."

पंगत हसली. काजीही हसला. एवढ्यावर सुटलो, म्हणून त्याचा जीव हलका झाला होता. पत्रावळींची ती लांब हिरवी रांग, तिच्यावर कलतं ऊन, कडेने चिमण्या. त्याला सगळं तरंगल्यासारखं वाटायला लागलं. त्या तंद्रीत तो वाकला आणि सगळ्यात जवळची, म्हणजे पंगतीतल्या सगळ्यात धाकट्या पोराची, पत्रावळ उचलली.

बांनी डोळे मिटून घेतले.

"अहो," सानुमैया खांबाआडून हळूच म्हणाली, "ठेवा ती खाली. आजा तिकडे बसलेत."