गाडी माझ्या नावावर

गाडी माझ्या नावावर घ्यायची, हा हट्ट मी धरला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. तसा मी हट्टी माणूस नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, त्यात मी माझं म्हणणं मोजून दोनदा खरं केलंय. पहिल्या वेळी पडद्यांचा रंग निवडला होता. त्या पडद्यांनी आता आमच्याकडे फरशी पुसतात. दुसरी वेळ या गाडीची.

माझी बायको सैन्यात मेजर आहे. मी घरी बसून मुद्रितं तपासतो, म्हणजे दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढतो. (माझ्या काढायला घरात बायको आणि मुलगी अशा दोघी आहेत.) दर दोन-तीन वर्षांनी बायकोची बदली होते आणि आम्ही खोकी भरून नव्या छावणीत राहायला जातो. क्वार्टर तिच्या नावावर, गॅस तिच्या नावावर, वाचनालयाचं कार्डही तिच्याच नावावर. माझ्या ओळखपत्रावरसुद्धा वर ठळक अक्षरांत तिचं नाव आणि माझ्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘अवलंबित’ असं छापलंय. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी शोरूममधल्या माणसाने गाडी कोणाच्या नावावर करायची असं विचारलं, तेव्हा काय झालं मला कोणास ठाऊक. बायको म्हणाली, “माझ्या. बदलीत सोपं जातं.” इतकं साधं बोलली ती. आणि मी चार लोकांदेखत म्हणालो की या घरात निदान एक वस्तू तरी माझी असू दे. ती फॉर्म माझ्यापुढे सरकवून मोकळी झाली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं आता राहून राहून वाटतं.

इथे बदलून आलो तेव्हा छावणीच्या ऑफिसातून बदलीवर आलेल्या कुटुंबांसाठी एक माहितीपुस्तिका मिळाली. त्यात अकराव्या पानावर वाहनांचे नियम होते. गाडीला जुन्या गावचा नंबर चालेल. बदलीच्या काळात लायसन्सची मुदत संपली तरी ते चालू धरलं जाईल. वा, म्हटलं, सरकार असावं तर असं. माझं लायसन्स नेमकं त्याच महिन्यात संपत होतं. मी पुस्तिका मिटून ड्रॉवरमध्ये टाकली आणि दहा महिने गावभर बिनधास्त गाडी चालवली.

मग एक दिवस वाहन कार्यालयाची नोटीस आली. गाडीची इथे नोंदणी केलेली नाही, सबब ती सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. मी पुस्तिका बगलेत मारून तावातावाने कार्यालयात गेलो आणि खिडकीतल्या बाईंपुढे अकरावं पान उघडून धरलं. बाईंनी ते वाचलं, पान उलटलं आणि पुस्तिका माझ्याकडे फिरवली. बाराव्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की वरील दोन्ही सवलती फक्त प्रत्यक्ष सेवेत असलेल्या व्यक्तीला आहेत. कुटुंबीयांच्या नावावरची गाडी साठ दिवसांत नव्याने नोंदवावी आणि त्यांनी लायसन्सची परीक्षाही पुन्हा द्यावी.

बाईंनी विचारलं, “तुम्ही काय करता?”

मी सांगितलं, की मी मुद्रितं तपासतो. शेजारच्या खिडकीतल्या बाईंना ही गोष्ट सांगायला बाई लगेच उठून गेल्या.

नोंदणीसाठी जुन्या गावाहून ना-हरकत दाखला मागवायचा होता आणि त्याला महिना लागणार होता. एरवी मी महिनाभर पायी हिंडलो असतो. पण बायकोला आणखी एका बदलीचा हुकूम आला होता. या वेळी जिथे जायचं तिथे कुटुंबाला परवानगी नव्हती. दोन वर्षांसाठी ती एकटीच जाणार होती आणि निघायला वीस दिवस उरले होते. ती अशी दूर जाते तेव्हा तिला विमानतळावर मीच सोडतो. तिचं सामान ती स्वतः भरते, बिलं आधीच भरून ठेवते, मुलीला समजावते. माझ्या वाट्याला तेवढं एक काम येतं. हुकूम आला त्या दिवशीच मी छाती पुढे काढून म्हणालो होतो की तुला मीच सोडणार. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

म्हणून मी तिला काहीच सांगितलं नाही. इथे माझं चुकलं. खरं तर सगळीकडेच चुकलं, पण इथलं जास्त लागतं. नोटीस शब्दकोशात लपवली (घरात त्याला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही) आणि मनाशी हिशेब केला, की आधी परीक्षा देऊ, तोवर दाखला कदाचित लवकरही येईल. आमच्या मुलीला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती आणि तिची परीक्षा त्याच दिवशी होती. तिच्यासोबत जातो असं सांगून मी घरातून निघालो. मुलगी अर्ध्या तासात पास होऊन आली. मग माझी पाळी.

परीक्षा कार्यालयाच्या गाडीत होती. शेजारी निरीक्षक, मांडीवर कागद. मी अगदी सांभाळून चालवत होतो. छावणीत ताशी वीसच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणून मी वीसनेच निघालो. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. निरीक्षक म्हणाले की जरा वेग घ्या. पुढे रेल्वे फाटक लागलं. आडवा दांडा दिसला की मी काय करतो, हे मलाच ठाऊक नव्हतं. छावणीच्या गेटवर रोज करतो तशी मी काच खाली केली, गाडीतला दिवा लावला आणि माझं ओळखपत्र काढून फाटकवाल्यासमोर धरलं. त्या बिचाऱ्याने ते वाचलंसुद्धा.

तरीही निभावलं असतं. पण परतीच्या वाटेवर एक शाळा होती आणि तिथे बँडची तालीम चालली होती. कोणीतरी बिगुल वाजवला. आता हे आधी सांगायला हवं, की छावणीत रोज सकाळी आठला झेंडा चढतो आणि संध्याकाळी उतरतो. तेव्हा बिगुल वाजतो आणि तो संपेपर्यंत सगळ्यांनी जिथल्या तिथे थांबायचं असतं. गाडीत असाल तर उतरायचं, ताठ उभं राहायचं, हूं की चूं करायचं नाही. एकवीस वर्षांची सवय. मी ऐन चौकात गाडी थांबवली, खाली उतरलो आणि शाळेकडे तोंड करून सावधान उभा राहिलो.

मी गाडीतून उतरलो की बायको दर वेळी मागून एकच शब्द म्हणते, “हँडब्रेक.” त्या दिवशी तो म्हणायला ती तिथे नव्हती. गाडी निरीक्षकांना घेऊन उताराला लागली. त्यांनी कसाबसा पाय इकडे टाकून ती थांबवली आणि मला हाक मारली. मी बिगुल संपल्यावर गेलो.

नापास झाल्यावर पुढची परीक्षा महिन्याने. घरी बायको युनिफॉर्मच्या घड्या घालत होती. मुलीचं लायसन्स पाहून तिला केवढा आनंद झाला. मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती. मग मीच शब्दकोश आणला आणि नोटीस बायकोच्या हातात दिली. शोरूमपासून बिगुलापर्यंत सगळं सांगून टाकलं. चांगली खरडपट्टी निघेल, त्यासाठी मी तयारच होतो. ती चिडली नाही. नोटीस दोन्ही बाजूंनी वाचून तिने घडी केली.

“विमानतळापर्यंत दीड तास लागतो,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, दीड तास बोलायला मिळेल. तू घरात नीट बोलतच नाहीस. गाडीतच बोलतोस.”

इतकं वाईट मला नापास होतानाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली की युनिटची बस आहे, मी तिने जाईन, पण गेटपर्यंत तू सोड. छावणीतल्या रस्त्यांना बाहेरचे नियम लागत नाहीत, हे ती गेटवर विचारून आली होती. क्वार्टरपासून गेट नऊशे मीटर. वीसच्या वेगाने तीन मिनिटं सुद्धा होत नाहीत. मी ठरवलं की दहाने चालवायची, म्हणजे पाच मिनिटं मिळतील, आणि त्या पाच मिनिटांत तिला सांगायचं की गाडी तुझ्याच नावावर घ्यायला हवी होती, माझं चुकलं, आणि तू नसताना मला या घरात काही सुचत नाही. एवढी तीन वाक्यं. मी ती आदल्या दिवशी तपासूनसुद्धा ठेवली होती.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. पहिली चार मिनिटं मी गिझर किती वाजता बंद करायचा यावर बोललो. गेटजवळ बस उभी होती, तिच्यासाठी दांडा वर केलेला होता. बायको आणि मुलगी उतरल्या, ट्रंक बसमध्ये चढली, दोघींनी एकमेकींना मिठी मारली. बायको बसच्या पायरीपाशी जाऊन वळली. मी घाईघाईने उतरलो, म्हणालो, “थांब, मला एक सांगायचंय.”

आठ वाजले आणि बिगुल वाजला.

आम्ही तिघं जागच्या जागी खिळलो. तिच्यात आणि माझ्यात जेमतेम दहा पावलांचं अंतर होतं. मला बोलता येईना, तिला हलता येईना. पण तिची नजर हलत होती. माझ्याकडे पाहायची, मग डावीकडे, पुन्हा माझ्याकडे. डोळे मोठे झालेले, पाणावलेले. इतक्या वर्षांत तिला असं कासावीस झालेलं मी पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. म्हटलं, न बोलताच हिला सगळं कळलं.

शेवटचा सूर विरला आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, “हँडब्रेक!”

मी वळून पाहिलं. वर केलेल्या दांड्याखालून माझी गाडी हळूहळू छावणीबाहेर पडली होती आणि सार्वजनिक रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबली होती. बसवाल्याला उशीर होत होता. बायको चढली, बस गाडीला वळसा घालून गेली. खिडकीत ती हसत होती की रडत होती ते मला नीट दिसलं नाही, कारण माझेही डोळे भरले होते. दोन वर्षांसाठी जाताना तिने मला सांगितलेला शेवटचा शब्द तो. माझी तीन वाक्यं तशीच राहिली.

गाडी चालवून आत आणायची सोय नव्हती. मग लायसन्स असलेली व्यक्ती, म्हणजे मुलगी, स्टिअरिंगवर बसली आणि मी ढकलायला लागलो. तेवढ्यात वाहतूक पोलीस आला. बिनानोंदणीची गाडी सार्वजनिक रस्त्यावर, म्हणून त्याने कागद लिहायला घेतला. मालक म्हणून माझं नाव पूर्ण लिहिलं. मग त्याने विचारलं की गाडी रस्त्यावर आली तेव्हा चालवत कोण होतं. जे होतं ते मी सांगितलं. चालकाच्या रकान्यात त्याने ‘कोणी नाही’ असं लिहिलं आणि त्याच्यापुढे माझी सही मागितली.

सवयीने मी कागद दोनदा वाचला. या वेळी उलटूनही पाहिला. एकही चूक सापडली नाही, म्हणून सही केली.