जावयाच्या चेनला तेल

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर गुणवंतरावांनी जावयाच्या सायकलीच्या चेनला तेल घातलं, आणि घरात जे काही झालं ते तिथून सुरू झालं.

यात आपलं काही चुकतंय असं वाटायचं त्यांना कारणच नव्हतं. सारा जन्म फॅक्टरीत काढलेला माणूस. त्या काळी सकाळचा भोंगा झाला की जबलपूरच्या दीक्षितपुऱ्याच्या गल्ल्यांतून सायकलींचा असा लोंढा निघायचा की रस्त्यातल्या गाई-म्हशीसुद्धा बाजूला व्हायच्या. त्या सायकलवाल्यांत एक रिवाज होता. रविवारी कोणी मित्र घरी आला, की तो आत चहा पीत असताना यजमानाने त्याची सायकल पुसून, चेनला तेल देऊन ठेवायची. बोलायचं मात्र नाही. निघताना पाहुण्याने पायडल मारायचं, चेन आवाज न करता फिरायची, आणि पाहुण्याने मागे वळून हसायचं. झाला पाहुणचार! साध्या मित्राची एवढी बडदास्त, तर जावयाची किती? गुणवंतरावांनी जुन्या बनियनच्या फडक्याने सायकल पुसली, चेनवर मशीनच्या तेलाची चांगली धार धरली आणि उरलेलं तेल हातावर घेऊन गुडघ्याला चोळलं.

आणि खोटं कशाला बोला, त्यांचा थोडा स्वार्थही होता. मागच्या वर्षी ते शेणावरून घसरून पडले. तेव्हापासून त्यांच्या बायकोने, हेमलताबाईंनी, त्यांच्या सायकलीला कुलूप घातलं होतं आणि किल्ली तांदळाच्या डब्यात पुरली होती. अभिराम, म्हणजे त्यांचा पुण्याचा जावई, बदली होऊन इथल्या बँकेत आलेला. त्याचा सायकलवाल्यांचा ग्रुप रविवारी भेडाघाटला जाणार होता. गुणवंतरावांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: आयुष्यात अजून एकदा सायकलने भेडाघाट! फॅक्टरीतली मराठी पोरं सुट्टीच्या दिवशी तशी जायची. नर्मदेच्या काठी पांढऱ्या दगडांवर बसून डबे खायची आणि सायकल कोणाची भारी यावरून घरापर्यंत भांडत यायची. त्या पोरांपैकी काही आता मुलांकडे बंगलोरला होती, आणि बरीचशी जिथून परत कोणी येत नाही तिथे. आठवडाभर भुणभुण केल्यावर हेमलताबाई कशाबशा कबूल झाल्या. "जावई सोबत असतील तरच. ते नाही गेले, तर तुम्ही घराबाहेर पाय टाकायचा नाही!"

म्हणजे सगळं जावयाच्या मर्जीवर. सकाळी इथूनच निघायचं म्हणून तो सायकल सासऱ्यांकडे ठेवून बँकेत गेला होता. त्याला खूश करायची याहून चांगली संधी कुठली?

हात पुसत ते उभे राहिले, तोच त्यांची मुलगी क्षमा अंगणात आली आणि जागीच थबकली.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"तेल दिलं. कोरडी ठणठणीत होती बिचारी. पुण्यात तेल मिळत नाही काय?"

"अहो, ती कोरडीच असते! तिला मेण लावतात. वॅक्स!"

"सायकलला मेण? काहून?"

"धूळ चिकटत नाही म्हणून. अभिराम चेन काढतो, पेट्रोलने धुतो, ते जर्मन मेण वितळवून त्यात बुडवतो, मग वाळत टाकतो. त्याचं भांडं वेगळं, थर्मामीटर वेगळा. तेलाचा थेंब लागला की मेण धरतच नाही."

गुणवंतरावांनी चेनकडे पाहिलं. थेंब कसला, तेल खाली गळून फरशीवर डाग पडला होता.

"रागावतील काय गं?"

"रागावला असता तर बरं होतं. तो गप्प बसतो. मागे मी त्याच्या मेणाच्या भांड्यात मॅगी केली होती, तर आठवडाभर नुसतं 'हं' आणि 'हं'. उद्याचं भेडाघाट गेलंच समजा."

हे ऐकल्याबरोबर गुणवंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस फॅक्टरीतला. मशीन बंद पडलं तर साहेब यायच्या आत चालू करायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी पक्कड आणली, चेन उतरवली आणि हुकूम सोडला, "रॉकेल आण."

"बाबा, रॉकेल मिळायचं बंद होऊन किती वर्षं झाली!"

क्षणभर त्यांना खरंच वाईट वाटलं. रॉकेलची रांग, तो निळा रंग, हाताचा न जाणारा वास, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मग त्यांनी क्षमाच्या स्कूटरच्या टाकीत नळी घातली आणि तोंडाने ओढली. पहिला घोट पोटात जाता जाता राहिला. बाटलीत पेट्रोल आणि चेन घालून त्यांनी ती खळखळ हलवली. पेट्रोल काळं झालं. ते ओतलं, दुसरं घेतलं. तेही काळं. असं करत करत जेव्हा पेट्रोल स्वच्छ निघालं, तेव्हा चेन चांदीसारखी लखलखत होती आणि गुणवंतरावांना स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

"शाबास!" क्षमा म्हणाली. "आता मी पटकन घरी जाते आणि त्याचं मेण घेऊन येते." तिने स्कूटर सुरू केली. स्कूटर घुरघुरली, खोकली आणि शांत झाली. टाकीतलं सगळं पेट्रोल चेनच्या अंघोळीत संपलं होतं. त्याच वेळी अभिरामचा फोन आला, की साहेबांनी लवकर सोडलंय, तासाभरात पोचतो.

"आता हो बाबा?"

गुणवंतराव घरात धावले. बत्ती गुल व्हायच्या दिवसांत भरून ठेवलेला मेणबत्त्यांचा साठा देवघराच्या खालच्या खणात पडून होता. "मेण ते मेण," ते म्हणाले. "जर्मन असो की जबलपूरचं." हेमलताबाई महिला मंडळात गेल्या होत्या, म्हणून स्वयंपाकघर मोकळं होतं. हाताला जे पहिलं जाड बुडाचं पातेलं लागलं ते त्यांनी घेतलं, आणि ते हेमलताबाईंचं बासुंदीचं पातेलं होतं. क्षमाने तोंडावर हात ठेवला. चेन उन्हात खडखडीत वाळली तोवर कढईतल्या उकळत्या पाण्यात पातेलं ठेवून मेणबत्त्या वितळल्या आणि वाती वर तरंगायला लागल्या. चेन आत सोडली तसे बुडबुडे आले. ते थांबल्यावर सांडशीने काढून ती खिळ्याला टांगली. गार झाल्यावर ती काठीसारखी ताठ झाली.

"हिला लकवा मारला की काय?" गुणवंतराव घाबरले.

"असंच होतं. एकेक कडी वाकवून मोकळी करायची," क्षमा म्हणाली. बापलेकीने ओसरीत बसून शेंगा सोलाव्यात तशा कड्या मोकळ्या केल्या आणि चेन सायकलीवर चढवली.

तेवढ्यात हेमलताबाई आल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून आवाज आला, "हे काय घट्ट झालंय माझ्या बासुंदीच्या पातेल्यात? आणि यात वाती काहून?"

गुणवंतरावांनी दारात उभं राहून एका दमात सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता हेमलताबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्या बोलायला तोंड उघडणार, इतक्यात अंगणातून जावयाचा अगदी हळू आवाज आला.

"माझ्या चेनला कुणी हात लावला?"

तिघंही बाहेर आली. अभिराम सायकलीपाशी उकिडवा बसला होता. क्षमाने आभाळाकडे पाहिलं. गुणवंतरावांनी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. भेडाघाट एकेक मैल लांब जाताना त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"मी," हेमलताबाई म्हणाल्या.

अभिराम उठून उभाच राहिला. "आई, तुम्ही?"

"हो. ह्यांनी चुकून तेल सांडलं. मग मी धुतली आणि मेण दिलं. म्हटलं, उद्या जावयाची गैरसोय नको."

"पण वॅक्स कुठलं?"

"मेणबत्त्या."

"आणि टेंपरेचर?"

"तूप कढवताना ठेवतो तेवढं."

"किती वेळ ठेवलीत?"

हेमलताबाईंनी चेन बुडताना पाहिलीसुद्धा नव्हती. पण जन्म तळण्यात गेलेला. "वडे तळतो तसं. बुडबुडे थांबले की काढायचं. त्यात काय विचारायचं?"

अभिरामने पायडल फिरवलं. चेन अशी फिरली की शेजारच्या घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता. त्याने पुन्हा फिरवलं. "आई, हे बुडबुड्यांचं कळायला मला किती व्हिडिओ बघावे लागले! मी ग्रुपवर टाकतो हं." आणि त्याने सासूचा सायकलीसोबत फोटो काढून पाठवूनही दिला.

जेवणं झाल्यावर गुणवंतरावांनी हळूच विचारलं, "काहून घेतलं अंगावर?"

"तुमच्यावर गप्प बसले असते ते. सासूवर गप्प बसून जेवतील कुठे?" हेमलताबाई पातेलं घासत म्हणाल्या. "आणि आठ दिवस झाले, झोपेत पायडल मारून राहिले तुम्ही. माझी चादर फाटली."

गुणवंतरावांना इतकं भरून आलं, की त्यांनी बायकोच्या हातातली घासणी घेतली आणि पातेलं स्वतः घासलं.

सकाळी उजाडायच्या आत ते पँटला क्लिपा लावून तयार होते. किल्ली तांदळातून निघाली होती. ग्रुप आला. चकचकीत हेल्मेटं, रंगीत कपडे, अख्खी गल्ली दारात उभी! पण कोणी गुणवंतरावांकडे पाहीना. विपुल नावाचा एक तरुण थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

"आंटीजी, फोटो देखी आपकी. मेरी चेन भी कर दीजिए ना. दस मिनिट का तो काम है."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. हेमलताबाईंनी पदर खोचला, नुकतंच घासलेलं पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं आणि उरलेल्या मेणबत्त्या काढल्या. विपुलची चेन पाहून दुसऱ्याने आपली उतरवली. मग तिसऱ्याने. कपड्यांच्या तारेवर चेनी शेवयांसारख्या वाळायला लागल्या. हेमलताबाईंना सूर सापडला. "ए बेटा, हिलाना नहीं! पहिले धुऊन आण, तेलकट माझ्या पातेल्यात चालणार नाही!" ज्यांना कधी कोणी साधी पाककृतीही विचारली नव्हती, त्यांच्याभोवती शिकली-सवरलेली माणसं मोबाइल धरून उभी होती.

"अभिरामराव, निघायचं ना?" गुणवंतरावांनी विचारलं.

"बाबा, एवढी शेवटची."

शेवटच्या चेनीनंतर अभिरामने स्वतःची चेन उतरवली. तिला म्हणे मेणाचा दुसरा हात हवा होता. ऊन वर आलं. लोकांनी पोहे खाल्ले. गुणवंतरावांनी अंगणावर नजर टाकली. इतक्या सायकली, पण चेन जागेवर असलेली एकच होती. त्यांची.

ते स्वयंपाकघराशी गेले. "अगं, मी जरा जाऊन येतो."

"या, या," हेमलताबाई मान न वळवता म्हणाल्या. "येताना मेणबत्त्या घेऊन या."

"बरं," गुणवंतराव म्हणाले. कुठे जातो ते कोणी विचारलं नव्हतं, मग त्यांनीही सांगितलं नाही.

धुवांधार धबधब्याचा आवाज कानावर पडला तेव्हा त्यांचे पाय लटपटत होते, शर्ट पाठीला चिकटला होता आणि ते इतके खूश होते की एका कणीस विकणारीला त्यांनी उगीचच नमस्कार केला. मग कठड्याशी बसून त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, कुठे आहात? मेणबत्त्यांसाठी केव्हाची थांबून राहिली मी!"

"भेडाघाटला."

पलीकडे सांडशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मागून विपुलचा आवाज, "आंटीजी, निकालूँ क्या?"

"एकटे?"

"एकटाच."

"पडलात नाही ना?"

"नाही गं."

आता तोफ सुटणार म्हणून गुणवंतरावांनी फोन कानापासून जरा लांब धरला. पण हेमलताबाईंनी विचारलं, "पाणी आहे काय धबधब्याला?"

त्यांनी फोन पाण्याच्या दिशेने धरला. बराच वेळ धरला.

"ऐकू आलं काय?"

"आलं." त्यांचा आवाज बदलला होता. "लग्नाच्या वर्षी तुम्ही मला डबलसीट नेलं होतं तिथे. चढावर उतरवलं आणि पायी चालवलं. म्हणाले होते, पुढच्या रविवारी परत आणतो."

तो रविवार कधी आलाच नव्हता. कधी ओव्हरटाइम, कधी पोरीची परीक्षा, कधी नुसताच कंटाळा.

"आणतो ना," ते घाईने म्हणाले. "पुढच्या रविवारी आणतो. क्षमाच्या स्कूटरवर आणतो, पायी चालवत नाही."

"पुढच्या रविवारी कुठलं? हे सगळे आपले अजून मित्र घेऊन येऊन राहिले."

"मग?"

हेमलताबाईंनी जरा विचार केला.

"सोमवारी न्या," त्या म्हणाल्या. "सोमवारी मला सुट्टी आहे."